पेशी गोल झाली, पण दुखणे थांबले का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारावरच्या नव्या औषधांच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांतून वारंवार वाचायला मिळतात. ज्या आजाराकडे वर्षानुवर्षे कुणाचे लक्ष नव्हते, त्याला पानावर जागा मिळू लागली, ही विदर्भातल्या, मेळघाटातल्या आणि नंदुरबारच्या डोंगराळ पट्ट्यातल्या कुटुंबांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. परंतु यांतल्या बऱ्याच बातम्यांची मांडणी ठरावीक असते. एका बाजूला विळ्यासारखी वाकलेली तांबडी पेशी, दुसऱ्या बाजूला औषध दिल्यानंतरची गोल पेशी, आणि वर मथळा असा की आता आजारावर रामबाण उपाय सापडला. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ पूर्व विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांमध्ये, म्हणजे याच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेला, म्हणून या मांडणीविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते. औषधाने पेशीचा आकार बदलणे आणि औषधाने रुग्णाचे दुखणे कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच मानल्यामुळे गेल्या पन्नासेक वर्षांत संशोधकांची अनेकदा निराशा झालेली आहे, आणि आपल्याकडे याच समजुतीपायी हायड्रॉक्सियुरिया या हाताशी असलेल्या स्वस्त औषधाकडे दुर्लक्ष होत आहे, असे माझे म्हणणे आहे.

आरंभ आमच्या काचपट्टीपासूनच करते. सिकलिंगच्या, म्हणजे पेशी विळ्यासारख्या वाकतात का हे पाहण्याच्या, तपासणीत रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे 2 टक्क्यांचे द्रावण मिसळतात, वर पातळ काच ठेवून तिच्या कडा व्हॅसलीनने बंद करतात आणि काचपट्टी बाजूला ठेवून देतात. हे द्रावण त्याच दिवशी केलेले असावे लागते. शिळे वापरले तर खऱ्या रुग्णाचाही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. हे रसायन थेंबातला प्राणवायू काढून घेते. अर्ध्या तासाने पाहिले तर मघाशी गोल असलेल्या पेशींच्या कडा खडबडीत झालेल्या दिसतात, काहींना टोके फुटू लागतात, काही लांबट होऊन वाकतात, आणि आणखी काही वेळाने सगळे दृश्यक्षेत्र विळ्यांनी भरून जाते. पाहणाऱ्याच्या मनावर या दृश्याचा मोठा परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. पण यातली महत्त्वाची बाब अशी की ज्याला आईकडून किंवा वडिलांकडून, अशा एकाच बाजूने हा दोष मिळालेला आहे, त्या वाहकाच्या पेशीसुद्धा या काचपट्टीवर अशाच वाकतात. आपल्याकडे लोक ज्याला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात तो हाच. असा माणूस आयुष्यभर नांगर धरतो, तेंदूपत्ता तोडायला जातो, आणि सहसा त्याला काहीही होत नाही. आजारी असतो तो ‘एसएस पॅटर्न’वाला, म्हणजे दोन्हीकडून दोष मिळालेला. दोघांच्या काचपट्ट्या शेजारी ठेवल्या तर नुसत्या आकारावरून त्यांतला रुग्ण कोणता हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्या करून हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे प्रमाण मोजावे लागते.

पेशी वाकते ती आतल्या हिमोग्लोबिनमुळे. 1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की प्राणवायू काढून घेतला की त्या वाकतात आणि परत दिला की पुन्हा गोल होतात. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले, आणि पुढच्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका हेरला : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन आलेले असते. सबंध साखळीत एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू सोडून दिलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ तंतू बनतात आणि ते पेशीला आतून ताणतात. आपल्या भागात हा दोष असल्याचे कळून बराच काळ लोटला आहे. निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो 1952 मध्ये आढळला, आणि मध्य भारतातल्या वाहकांविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. महाराष्ट्रातल्या काही समाजगटांत वाहकांचे प्रमाण 20 टक्क्यांच्याही वर आहे.

औषधे कोणत्या ठिकाणी काम करतात हे समजायचे तर वेळेचा विचार करावा लागतो. प्राणवायू गेल्याबरोबर तंतू बनत नाहीत, मध्ये काही अवधी जातो. पेशीला केशवाहिनीतून पार व्हायला साधारण एखादा सेकंद लागतो. तेवढ्यात ती रुंद शिरेत पोहोचली आणि फुप्फुसात जाऊन तिला पुन्हा प्राणवायू मिळाला, तर वाकण्याची वेळच येत नाही. आणि हा अवधी पेशीतल्या सदोष हिमोग्लोबिनच्या दाटपणावर कमालीचा अवलंबून असतो. साखरेचा पाक बराच वेळ पातळ राहतो आणि एका क्षणी अचानक तार धरतो, तसेच काहीसे येथे होते. विल्यम ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये प्रयोगशाळेतल्या द्रावणात मोजून दाखवले की हा अवधी दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे दाटपणा 10 टक्क्यांनी कमी केला तर अवधी 20 पटींहून अधिक वाढतो. अंगातले पाणी कमी झाले, ताप आला, थंडी लागली की रुग्णाचे सांधे आणि हाडे का ठणकू लागतात, आणि ‘पाणी भरपूर प्या’ हा सल्ला वरवरचा का नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आकड्यात आहे.

हे कळल्यावर पेशीला वाकू न देणारे औषध शोधण्याचे प्रयत्न झाले नसते तरच नवल. अमेरिकेत 1970 च्या सुमारास शिरेतून युरिया देण्याचा प्रयोग झाला, तोच युरिया जो आपण शेतात टाकतो. परीक्षानळीत तो रेणूंची चिकटण मोडतो असे दिसले होते आणि त्याचा बराच गवगवा झाला. परंतु 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचण्यांत रुग्णाच्या कळा त्याने लवकर थांबत नाहीत असे स्पष्ट झाले. त्याच सुमारास रॉकफेलर विद्यापीठातल्या सेरामी आणि मॅनिंग यांनी सायनेट या रसायनाचा मार्ग सुचवला. सायनेट हिमोग्लोबिनला कायमचे चिकटते आणि त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ओढ वाढवते. प्राणवायू सुटला नाही तर तंतूही बनत नाहीत. हे औषध पेशीवर खरोखर काम करत होते. पण तोंडाने सायनेट घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांच्या नसांना इजा होऊ लागली, काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला. 1980 मध्ये आणखी एका गटाने रक्तातले सोडियम मुद्दाम कमी करून पेशीत पाणी शिरू द्यायचे, म्हणजे आतला दाटपणा उतरेल, असा प्रयोग केला. तर्क बिनचूक होता, पेशी वाकण्याचे प्रमाणही कमी झाले. परंतु सोडियम इतके खाली ठेवणे मेंदूसाठी धोक्याचे असल्याने घरोघरी वापरता येईल असा तो उपचार नव्हता.

त्यानंतरचे सेनिकापॉक हे औषध मला विशेष बोधक वाटते. पेशीच्या पटलातल्या एका वाटेने पोटॅशियम बाहेर पडते आणि त्यापाठोपाठ पाणीही. ती वाट हे औषध बंद करते. चाचणीत पेशींची फूट कमी झाली, हिमोग्लोबिन वाढले, सुकलेल्या दाट पेशींची संख्या घटली. प्रयोगशाळेचा अहवाल पाहिला तर कुणीही खूश व्हावे. फक्त रुग्णांच्या कळांचे झटके काही कमी झाले नाहीत, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

आणि आता वोक्सेलोटर, ज्याची माहिती आजही काही ठिकाणी ‘नवे आशादायक औषध’ म्हणून दिली जाते. त्याचे तत्त्व सायनेटच्याच जातीचे, पण रेणूची रचना अधिक विचारपूर्वक केलेली : हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाला चिकटून प्राणवायूची ओढ वाढवायची आणि तंतू बनू द्यायचे नाहीत. 274 रुग्णांवरच्या चाचणीत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी 51 टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन 24 आठवड्यांत एका ग्रॅमहून अधिक वाढले. तुलनेसाठी औषध नसलेली निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. याच वाढीच्या आधारावर नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला त्वरित मान्यता दिली. कळांचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे त्या चाचणीत दिसले नव्हते, हे त्या वेळच्या उत्साहात मागे पडले. पुढे, मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या तपासणीवरून पक्षाघाताचा धोका अधिक असलेल्या 236 मुलांवर चाचणी झाली, तेव्हा औषध घेणाऱ्या गटात 8 आणि निष्प्रभ गोळी घेणाऱ्या गटात 2 मृत्यू झाल्याचे आढळले. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले. प्राणवायू घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन तो ऊतींपर्यंत पुरेसा पोहोचवते का, अशी शंका काही जाणकारांनी आधीपासून व्यक्त केली होती. मृत्यूंमागे तेच कारण होते असे मात्र म्हणता येणार नाही. काही झाले तरी हिमोग्लोबिनचा आकडा वाढला म्हणून रुग्णाला बरे वाटलेच असे धरून चालता येत नाही, हे या औषधाने फार मोठी किंमत वसूल करून दाखवले.

असे का व्हावे, हे थोडक्यात सांगते. पेशी पुन्हा पुन्हा वाकून सरळ होत राहिली की तिचे पटल खराब होते. शेवटी काही पेशी प्राणवायू मिळाला तरी वाकलेल्याच राहतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. फुटताना बाहेर पडलेले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू संपवून टाकते. खराब झालेल्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, पांढऱ्या पेशीही तेथे गोळा होतात, आणि वाट अडते. त्यातल्या काही पेशी तर चिकटतात तेव्हा अजून वाकलेल्याही नसतात. म्हणजे विळ्याचा आकार हा या साखळीतला एक दुवा आहे, आणि काचपट्टीवर नेमका तेवढाच दुवा दिसतो. या चिकटण्यावरच नेम धरणारे क्रिझानलिझुमॅब हे इंजेक्शनही पुढच्या मोठ्या चाचणीत टिकले नाही आणि युरोपात त्याची मान्यता 2023 मध्ये रद्द झाली. जनुकीय उपचारांविषयी येथे लिहीत नाही. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दोहोंपैकी स्वस्त उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे, आणि धानोरा किंवा धडगावच्या रुग्णापुरता तो विषय तूर्त येथेच संपतो.

आता ज्या औषधासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन 1869 मध्ये जर्मनीत प्रथम तयार झाले आणि नंतर रक्ताच्या कर्करोगात वापरले जाऊ लागले. सिकलसेलमध्ये ते येण्यामागे एक फार साधे निरीक्षण आहे. 1948 मध्ये ब्रुकलिनमधल्या डॉ. जेनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की हा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, आणि त्याचे कारण बाळाच्या रक्तात असलेले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असावे. हे हिमोग्लोबिन तंतूंमध्ये सामील होत नाही. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत ते ओसरत जाते, आणि बाळाच्या हातापायांवर सूज येऊन ते रडू लागते तेही साधारण त्याच सुमारास. मोठ्या माणसाच्या शरीराला हे हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला लावता आले तर? हायड्रॉक्सियुरिया ते करते, हे 1984 मध्ये रुग्णांमध्ये दिसले.

म्हणजे हे औषध वाकलेल्या पेशीला सरळ करत नाही. आज गोळी घेतली म्हणून आज रक्तात फिरणारे विळे गोल होत नाहीत. ते अस्थिमज्जेत पुढची पेशी वेगळी घडवते : तिच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक असते, ती आकारमानाने मोठी असते, त्यामुळे तिच्यातले सदोष हिमोग्लोबिन पातळ होते आणि वर सांगितलेला अवधी लांबतो. शिवाय पांढऱ्या पेशी कमी होतात आणि चिकटणेही कमी होते. एकाच दुव्यावर घाव घालणाऱ्या औषधांपेक्षा हे जुने रसायन सरस ठरले ते बहुधा अशा अनेक ठिकाणी काम करण्यामुळे. परंतु जुन्या पेशी जाऊन नव्या येण्यास वेळ लागतो, म्हणून परिणाम दिसायला तीन ते सहा महिने जातात. पहिल्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांना हे कुणीतरी आधीच नीट सांगायला हवे असते, आणि बहुधा कुणी सांगितलेले नसते.

पुरावा म्हणाल तर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 299 प्रौढ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांना वर्षाला मध्यमानाने 2.5 झटके आले, न घेणाऱ्यांना 4.5. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवण्यात आली. त्याच रुग्णांचा पुढे नऊ वर्षे मागोवा घेतला तेव्हा औषध घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे 40 टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. 2019 मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार आफ्रिकी देशांतल्या 606 मुलांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. कळा, जंतुसंसर्ग, रक्त चढवण्याची गरज आणि मृत्यू, सगळे कमी झाले. हिवतापही कमी झाला, जो वाढेल अशी उलट भीती होती. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्याने हा अभ्यास मुद्दाम वाचावा. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण मुळातच आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त असते आणि वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही फायदा होतो, असे भारतातल्या अभ्यासांत दिसले आहे. त्यावरून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो’ असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. ज्यांनी हिवाळ्यातल्या रात्री सांधे धरून विव्हळणारी मुले वॉर्डात पाहिली आहेत, त्यांना हे वाक्य मान्य होणार नाही.

मग अडचण कोठे आहे? गोळी महाग नाही; 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल भारतात बनते, काही रुपयांत मिळते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तिचा समावेश आहे. पहिली अडचण तपासणीची. हे औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली आणू शकते, म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मात्रा स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी लागते. आकडे ठरावीक मर्यादेखाली गेले तर औषध काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात. गरोदरपणात ते सहसा देत नाहीत, आणि मूल हवे असलेल्या पुरुषानेही आधी डॉक्टरांशी बोलावे. सीबीसीचे यंत्र बंद असेल, किंवा यंत्र चालू असून त्यात घालायची रसायने संपलेली असतील, तर सावध डॉक्टर हे औषध लिहून देत नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असे मला वाटत नाही. दुसरी अडचण मुलांच्या मात्रेची. 15 किलोच्या मुलाला 150 ते 225 मिलिग्रॅम द्यायचे, आणि हातात आहे 500 ची कॅप्सूल. मग आईला सांगितले जाते की कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळा आणि त्यातले एवढे चमचे द्या. हे औषध पेशींची वाढ रोखणारे आहे, त्याची पूड उघड्या हाताने हाताळू नये, हे तिला सांगायचे राहून जाते. मुलांसाठीचे पातळ औषध आता भारतात तयार होते. ते तालुक्याच्या ठिकाणी कायम उपलब्ध असले पाहिजे. तिसरी अडचण भीतीची. शिकलेला मुलगा मोबाइलवर गोळीचे नाव टाकतो, ‘कर्करोगाचे औषध’ असे वाचतो, आणि घरात गोळी बंद होते.

चौथी अडचण पुरवठ्याची, आणि ती सर्वांत वाईट, कारण ती रुग्णाच्या हातात नाही. गोळी दोन महिने मिळते, तिसऱ्या महिन्यात साठा संपलेला असतो, मग ‘पुढच्या बुधवारी या’. पाड्यावरून आलेल्या माणसाची एका खेपेला एक मजुरी बुडते. दोन बुधवार वाया गेले की तो तिसऱ्या बुधवारी येत नाही. औषध थांबले की नव्या पेशी पुन्हा जुन्याच घडणीच्या बनू लागतात आणि मिळवलेले काही आठवड्यांत ओसरते. रुग्ण गोळी घेतो आहे की नाही हे आम्हाला प्रयोगशाळेत बसल्या बसल्या कळत असे. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा एक आकडा असतो, तो तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगतो. नियमित गोळी घेणाऱ्याचा हा आकडा काही महिन्यांत चढत जातो, 80-85 वरून शंभरीकडे. शरीरात लोह कमी असेल किंवा अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष सोबत असेल तर तो तितका चढत नाही, हे खरे. पण चढलेला आकडा पुन्हा घसरू लागला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असतो. अशा घसरलेल्या आकड्यांचे कागद एकामागून एक यंत्रातून बाहेर येत आणि त्या महिन्यात औषधाचा साठा कधी संपला होता हे त्यांवरूनच लक्षात येत असे. या आकड्याचा उपयोग करून घेणारी कोणतीही व्यवस्था मात्र मला नोकरीत असेपर्यंत दिसली नाही. कागद रुग्णाच्या पिशवीत जातो आणि तेथेच राहतो.

महाराष्ट्रात सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम पूर्वीपासून आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे. 2025 च्या मध्यापर्यंत 6 कोटींहून अधिक लोकांची तपासणी होऊन 2 लाखांहून अधिक रुग्ण सापडल्याचे सरकारी आकडे सांगतात. आशा सेविकांनी आणि तंत्रज्ञांनी उन्हातान्हात हे काम केले आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डे पाहावीत, हा सल्लाही योग्यच. परंतु तपासणीने पुढच्या पिढीचा विचार होतो. आज जो ‘एसएस’ म्हणून सापडला आहे त्याच्या हातात कार्ड पडते, काही ठिकाणी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पडतात, आणि पुढे काय याचे उत्तर जिल्ह्याजिल्ह्याला वेगळे असते. 2016 च्या कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत केला, पण ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी किती खेपा घालाव्या लागतात हा स्वतंत्र पत्राचा विषय होईल.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्याला. नव्या औषधाची बातमी छापताना चाचणीत नेमके काय मोजले होते हे वाचकाला सांगावे : पेशींचा आकार, हिमोग्लोबिनचा आकडा, की रुग्णाच्या कळांचे दिवस, रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळा आणि मृत्यू. पहिल्या दोन गोष्टी मोजल्या असतील तर बातमी जरूर छापावी, मथळ्यात ‘उपाय सापडला’ लिहू नये. वोक्सेलोटर मागे घेतल्याची बातमी ते मान्य झाल्याच्या बातमीइतक्या ठळकपणे कोणी छापल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि औषधाविषयी आजही विचारणाऱ्या पालकांना ती ठाऊक नसते.

दुसरी विनंती आरोग्य विभागाला, आपल्या स्तंभामार्फत. दरवर्षी 19 जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, किती जणांची तपासणी झाली याचा आकडा जाहीर होतो. त्याच्या शेजारी, जिल्हावार, आणखी तीन आकडे द्यावेत : नोंद झालेल्या रुग्णांपैकी किती जण गेले सलग सहा महिने हायड्रॉक्सियुरिया घेत आहेत, त्यांपैकी किती जणांची गेल्या तीन महिन्यांत सीबीसी झाली, आणि वर्षभरात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या औषधाचा साठा किती दिवस शून्य होता. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, नवी योजनाही लागत नाही. औषधभांडाराची नोंदवही आणि प्रयोगशाळेची नोंदवही प्रत्येक ठिकाणी असतेच. त्या दोन्ही दर महिन्याला एका टेबलावर आणणारा एक माणूस लागतो. पहिल्या वर्षी हे आकडे बहुधा लाजिरवाणे निघतील. तरीही ते छापले जावेत, आणि येत्या 19 जूनला आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी ते अधिकाऱ्यांकडे मागावेत, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जि. चंद्रपूर